सात नंबरपासून चाळीस पावलं

थेंबे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. पाण्याचा नमुना बाटलीत भरून झाला की तो खिशातून ड्रॉपर काढायचा आणि नमुना टिकावा म्हणून ॲसिडचे थेंब मोजून टाकायचा, ओठ हलवत, एक, दोन, तीन. मध्येच कुणी हाक मारली की बाटली ओतून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. खाणीच्या वसाहतीतल्या बायकांनी हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा नाव ठेवून मोकळ्या झाल्या. पुढे प्रयोगशाळेतले लोकही त्याला थेंबेच म्हणू लागले. एकदा तर टपालाचं पाकीट त्या नावानं आलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं सही करून घेतलं.

माणूस नियमाचा, नाकासमोर चालणारा. इतका, की त्याच्याबरोबर संसार कोण करणार, म्हणून लग्न झालं नाही, असं त्याची ताईच सगळ्यांना सांगायची. खाणीच्या आसपासच्या अकरा ठिकाणचं पाणी दर महिन्याला तपासायचं, हे त्याचं काम. चार ठिकाणं ओढ्यावर, तीन झऱ्यांवर, बाकीची खाणीतलं पाणी बाहेर पडतं तिथं. प्रत्येक ठिकाणी एक लोखंडी गज ठोकलेला आणि त्यावर लाल रंगात नंबर. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, तोंड प्रवाहाकडे धरून भरायची, आणि काही झालं तरी गजाची जागा सोडायची नाही. कारण उघड होतं. आज इथलं आणि उद्या तिथलं पाणी घेतलं, तर ते सुधारलं की बिघडलं हे कळणार कसं? हा नियम थेंब्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होता.

सात नंबर म्हणजे वसाहतीवरच्या उतारावरचा झरा. थेंबे तिथं पहिल्यांदा गेला तेव्हा बादली बारा सेकंदांत भरायची. हल्ली तिला दीड मिनिट लागे. दर महिन्याला तो हातात घड्याळ धरून उकिडवा बसे आणि आकडा लिहून घेई: वीस सेकंद, पस्तीस, साठ, नव्वद. पाणी कमी झालं हे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते गेलं कुठं, असा रकाना फॉर्मवर नव्हता.

गेलं कुठं ते सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी गजापासून चाळीस पावलं खाली उतारातून नवीन पाणी फुटलं. बायकांचा चढ वाचला. पुरुषांनी एका सुट्टीच्या दिवशी तिथं लहानशी टाकी बांधली, तोटी बसवली. सिमेंटची पोती खांद्यावरून वाहून नेणाऱ्यांत थेंबेही होता, आणि पहिला पेला मानानं त्याच्याच हातात दिला होता. झरा तोच, पाणी तेच, जरा खाली सरकलं इतकंच. कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही, त्यालाही नाही. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो त्या तोटीवरून पुढं जाई, चाळीस पावलं चढे आणि गजापाशी नमुना घेई.

त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा त्याच्या जागी यायच्या होत्या त्या बाई मुख्य प्रयोगशाळेतून आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात पुरुषी गमबूट. थेंब्यानं त्यांना एकेक ठिकाण दाखवायला घेतलं. घरातल्या वस्तू परक्याच्या हाती द्याव्यात तसं त्याला होत होतं.

सात नंबरला त्या गजापाशी उभ्या राहिल्या आणि आजूबाजूला पाहू लागल्या.

"सर, हे पाणी कोण पितं?"

"वसाहत. सव्वीस घरं."

"इथून भरतात? इथं तर पायवाटसुद्धा नाही. गवत माजलंय."

"भरतात खालून, टाकीवर. झरा एकच आहे."

"मग नमुना खालचा का नाही घेत?"

"कारण गज इथं आहे," थेंबे म्हणाला. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं, इतक्या सरळपणे म्हणाला.

बाईंनी वाद घातला नाही. उतरताना मात्र त्यांनी तोटीखाली एक जादा बाटली धरली. "माझ्या समाधानासाठी," त्या म्हणाल्या. थेंबे हसला. भरा की, पाणी काही आटत नाही, असंही म्हणाला. त्या थेंब भराभर टाकत होत्या म्हणून त्यांचे थेंब त्यानंच मोजून दिले.

टाकीपासून तिसरं घर ताईचं. मेहुणे खाणीत सुतार होते, ते जाऊन बारा वर्षं झाली. आई गेली तेव्हा थेंबे सहा वर्षांचा आणि ताई पंधराची होती. तिनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, गणित चुकलं की कान पिळला. तो सत्तावन्न वर्षांचा झाला तरी ती त्याला धाकट्याच म्हणे, आणि चारचौघांत म्हणे. तिची मुलगी शहरात होती. ये माझ्याकडे, म्हणून ती मागं लागली होती. ताई म्हणायची, "तिथल्या पाण्याचा काय भरवसा? इथलं पाणी माझ्या भावाच्या हाताखालून जातं."

हे ती एकटीच म्हणत नव्हती. सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं विचारलं होतं, की तुमच्याकडे नळ आणायचा की पलीकडच्या वस्तीला द्यायचा. वसाहतीनं थेंब्याला विचारलं. त्यानं सात नंबरचा अहवाल आणून टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवला आणि म्हणाला, नळाचं पाणी याच्या पायापाशी उभं राहणार नाही. नळ पलीकडे गेला. खोटं त्यात काही नव्हतं. अहवालातला प्रत्येक आकडा खरा होता, फक्त चाळीस पावलं वरचा होता. खाणीच्या पाण्यानं लाल पडलेल्या ओढ्याला सगळे घाबरत, म्हणून त्या ओढ्यानं कुणाचं काही बिघडवलं नाही. हे पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, याला घाबरायचं कुणी?

गेल्या वर्षी ताईच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. तिनं ते दोन महिने लपवलं. मूत्राशयात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि मग ती आणखी पसरल्याचं कळलं. डॉक्टरांनी बरंच विचारलं होतं. तंबाखू? कधीच नाही. रंगाच्या कारखान्यात काम? नाही. पाणी कुठलं पिता? ताईच्या आधी थेंब्यानंच उत्तर दिलं, "तपासलेलं. मी स्वतः तपासतो." डॉक्टरांनी तो प्रश्न तिथंच सोडला.

बाईंच्या बाटलीचा निकाल एका दुपारी आला. मशीनच्या खोलीत पंख्याची घरघर होती. बाईंनी कागद त्याच्यापुढं सरकवला आणि बोट ठेवलं. वरच्या गजापाशी आर्सेनिक दोन. मर्यादा दहा. खालच्या तोटीला चौऱ्याऐंशी.

"बाटली खराब असेल," थेंबे म्हणाला.

"तुमच्याच कपाटातली होती, सर."

"मग ॲसिड."

"थेंब तुम्ही मोजलेत."

बाईंनी खाणीचा एक जुना नकाशा कुठूनतरी काढून आणला होता. तोटीच्या बरोबर मागं, डोंगराच्या पोटात, दोन पिढ्यांपूर्वी बंद केलेलं भुयार होतं. खाणीचा टाकाऊ दगड भरून त्याचं तोंड बुजवलं होतं. वरचं पाणी सरळ खडकातून यायचं. खालचं त्या भरावातून झिरपत यायचं. "झरा एकच," बाई हळू म्हणाल्या, "पण वाटा दोन."

आर्सेनिकला जुने लोक सोमल म्हणत. त्याला ना रंग, ना वास, ना चव. अकरा ठिकाणांची पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून राखण केली, आणि दिव्याखाली अंधार. नऊ वर्षं तो त्या तोटीवरून, हात धुऊन, तोंडावर पाणी मारून वर जात होता. एकदाही, नुसत्या कुतूहलानंसुद्धा, त्यानं तिथं बाटली धरली नव्हती.

तो दुसऱ्या दिवशी नव्या बाटल्या, नवं ॲसिड घेऊन एकटाच गेला. तीन नमुने घेतले. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली भरली, म्हणजे दोष बाटलीत असेल तर पकडला जाईल. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, देवा, माझंच काहीतरी चुकलेलं निघू दे. निकालाला चार दिवस लागले. शुद्ध पाण्यात शून्य आलं. तोटीला शहाऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी.

"मी अहवाल वर पाठवलाय," बाई म्हणाल्या. "मंजूर व्हायला पंधरा दिवस तरी जातील. मग नोटीस लागेल."

"तोवर बाहेर बोलायचं नाही," थेंबे म्हणाला. तोही नियमच होता. मंजुरीआधी अहवाल फोडला तर नोकरी जाते, पेन्शन लोंबकळते, हे तोच नव्या लोकांना शिकवत आला होता.

"हो. तोवर बोलायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता कागद आवरत राहिले.

त्या पहिल्या निकालापासून सहा दिवस झाले होते. सहाही दिवस त्यानं वसाहतीतल्या बादल्या भरताना पाहिल्या होत्या. ताईसाठी मात्र तो रोज बाजारातून बंद बाटल्या नेत होता. ती त्या उशाशी ठेवून देई आणि शेजारणीकडून तोटीचं पाणी मागवून घेई. "त्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो," ती म्हणायची. "मरताना तरी झऱ्याचं पाणी पिऊ दे की मला."

सहाव्या संध्याकाळी तिनं पेला तोंडाला लावला आणि थेंब्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला. काढून कसला, हिसकावलाच. चादरीवर पाणी सांडलं.

"काय झालं तुला?" ताई म्हणाली.

त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, मान खाली घालून, शाळेत गणित चुकल्यावर सांगायचा तसं. गज, तोटी, भुयार, आकडे, सगळं. डॉक्टरांना त्यानं दिलेलं उत्तरसुद्धा. बोलता बोलता त्याला रडू फुटलं आणि ते त्यानं आवरलं नाही.

ताईनं पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले आणि तळवे त्याच्यापुढं धरले. तळव्यांवर मक्याच्या दाण्यांसारख्या कडक गाठी होत्या, आणि मनगटापासून वर पावसाचे थेंब धुळीत पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके.

"हे त्याचंच का रे?"

"कधीपासून आहे?"

"झाली पाच-सहा वर्षं. मला वाटलं, वय झालं. आयुष्यभर भांडी घासली, त्याचे घट्टे. तळपायाला पण आहेत." तिनं हात पुन्हा आत घेतले. "तुला दाखवणार होते एकदा. मग म्हटलं, तू उगाच बाटलीत घालून तपासायला नेशील."

ही थट्टा होती. थेंब्याला ती सहन झाली नाही. त्यानं तिच्या पायांवर डोकं टेकलं.

"ऊठ," ताई म्हणाली. "आणि नीट ऐक. हे बाहेर बोलायचं नाहीस. पंधरा दिवसांनी नोटीस लागणार आहे ना? लागू दे. कुणी लावली ते कुणी विचारणार नाही. चार महिने राहिलेत तुझे, आणि तुझ्या मागं पुढं कोण आहे? मी तर चाललेच आहे."

"पंधरा दिवस ते पाणी पितील, ताई."

"नऊ वर्षं प्यालेत. पंधरा दिवसांनी काय होतंय?"

हे बोलली आणि तिचं तिलाच ते ऐकवलं नाही. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ताईचा शब्द त्यानं जन्मात मोडला नव्हता. तो चादर बदलून, दिवा लावून बाहेर पडला.

सकाळी सहाला टाकीवर रांग असते. थेंबे साडेपाचलाच तोटीसमोर जाऊन उभा राहिला. पहिला आला तो ट्रकचालक, मग शिवणकाम करणारी बाई आणि तिची मुलगी, मग हळूहळू पंधरा-वीस माणसं जमली. आज मंगळवार नाही काका, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

"हे पाणी पिऊ नका," थेंबे म्हणाला. "यात विष आहे."

त्यानं सगळं सांगितलं. आदल्या दिवशी ताईला सांगितलं होतं त्यापेक्षा नीट, क्रमानं. कुणी ओरडलं नाही. कुणी अंगावर आलं नाही. त्याला वाटलं होतं दगड पडतील, आणि ते त्याला बरं वाटलं असतं. ट्रकचालकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, रात्रभर झोपला नाहीत वाटतं."

"ताईंच्या दुखण्यानं पार खचलेत बिचारे," मागून एक म्हातारी म्हणाली. "माणसाला असं होतं."

"अरे, मी तपासलंय! चार वेळा!"

"तपासलंयच की," ट्रकचालक समजुतीनं म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं पिवळा पडलेला कागद होता. "पंधरा वर्षं तपासताय. खाली सही तुमचीच आहे. तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही नळ सोडला. तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा? चला, घरी चला, चहा घ्या."

आणि त्यानं हलकेच थेंब्याला बाजूला करून बादली तोटीखाली लावली.

पंधरा वर्षं थेंब्यानं एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, एक थेंब चुकवला नव्हता, आणि त्या सगळ्या खरेपणाचा आता त्याच्याविरुद्ध डोंगर उभा होता. त्यानं बादलीला लाथ मारली. ती उलटली. मुलं हसली आणि मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. काकांचं डोकं फिरलंय, याची आता सगळ्यांना खात्रीच पटली.

तेवढ्यात रांग मागून फाकली. ताई येत होती. आठ दिवसांत ती न्हाणीपर्यंतसुद्धा एकटी गेली नव्हती. अंगावर रात्रीचेच कपडे, एक हात घरांच्या भिंतींवर टेकत टेकत. थेंबे धावला. तिनं त्याचा दंड धरला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

"माझा भाऊ नियम सोडून कधी जेवलासुद्धा नाही," ती लोकांना म्हणाली. आवाज बारीक होता, सगळे ऐकायला पुढं सरकले. "तो आज नियम मोडून इथं उभा राहिलाय. मी नको म्हणत होते तरी. हे बघा."

तिनं मोकळा हात वर केला आणि तळवा सगळ्यांसमोर धरला.

शिवणकाम करणाऱ्या बाईनं बादली खाली ठेवली. तिनं स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहिले, आणि मग एकमेकांवर घासले.

"माझ्या हाताला कापड अडकतं हल्ली," ती म्हणाली, जशी काही स्वतःशीच. "मऊ कापड असलं की दोरे निघतात. मी हातमोजे घालून शिवते." मग तिनं मान वर केली. "काका, ही टाकी बांधून किती वर्षं झाली?"

"नऊ."

तिची मुलगी शेजारीच लहान कळशी घेऊन उभी होती. गेल्या महिन्यात ती आठ वर्षांची झाली होती. बाई गुडघ्यांवर बसली आणि तिनं पोरीची मूठ उघडली. पोरीला वाटलं खेळ आहे. गुदगुल्या होतात, म्हणत ती हात ओढून घेऊ लागली. तळव्यावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, खसखशीएवढे दोन टणक ठिपके होते. आईनं ते नखानं खरवडून पाहिले. ते निघाले नाहीत.

"खेळताना लागलं असेल, ना काका?" ती म्हणाली. सगळी रांग थेंब्याकडे बघू लागली. "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते खरं. साधंच आहे ना हे?"

ताईचं सगळं वजन त्याच्या दंडावर आलं होतं. तिच्या कडक तळव्याची बोच त्याला सदऱ्यातून लागत होती. पाणी चांगलं आहे ना, हा एकच प्रश्न पंधरा वर्षं या माणसांनी त्याला विचारला होता आणि पंधरा वर्षं त्यानं हो म्हटलं होतं.

"नाही गं," थेंबे म्हणाला.